बारा सेकंदांचं स्केच

९ जानेवारी

सकाळी नऊ ते सव्वादहा. फोन अकरा वेळा वाजला. दर वेळी दीड हजार जमा. पाठवणाऱ्यांची नावं वेगळी, शेरा जवळपास एकच: ‘अण्णा फोटो’. एकाने नुसते जोडलेले हात.

कांदा-बटाटा मार्केटमधली माथाडी टोळी. त्यांचे मुकादम दगडू अण्णा शेडगे मागच्या फेब्रुवारीत गेले. टोळी जिथे जेवते त्या खोलीत त्यांचं चित्र लावायचंय. तीन फूट बाय अडीच. २२ फेब्रुवारीला गावाला वर्षश्राद्ध, त्याच्या आत. बोलणी करायला सर्जेराव निकम रविवारी घणसोलीला माझ्या घरी आले होते. आता मुकादमकी त्यांच्याकडे. खुर्चीच्या कडेवर बसले. चहा नको म्हणाले, पाणी घेतलं.

अटी सांगितल्या. एकूण तेहतीस हजार. अर्धे आधी, अर्धे चित्र हातात देताना. दहा दिवसांत पेन्सिल स्केच, ते पसंत पडलं की रंग. दोन दुरुस्त्या त्याच पैशांत. म्हणाले, लिहून द्या. वहीच्या पानावर लिहून दिलं. परवा त्याच पानाचा फोटो आला. खाली नऊ सह्या, दोन अंगठे.

टोळीत जे येतं ते अकरा जणांत सारखं वाटलं जातं. जे जातं तेही. म्हणून अकरा वेळा.

कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते तेव्हाही इतकं काटेकोर कुणी वागलं नव्हतं माझ्याशी.

१२ जानेवारी

व्हॉट्सॲपवर त्यांनी ग्रुप काढला. नाव ‘अण्णा फोटो’. मी धरून बारा जण. सकाळी सहाला सुविचार, फुलं, गणपती. त्यात एक खरा फोटो आला: अण्णा, पांढरा शर्ट, टोपी, मागे गोण्यांची थप्पी. मान डावीकडे कललेली. सर्जेरावांना विचारलं, फोटो काढताना मान वाकडी ठेवली होती का. म्हणाले, उजव्या खांद्यावर तीस वर्षं गोणी. मग ती मान तिथेच राहते.

हे लिहून ठेवण्यासारखं वाटलं. म्हणून लिहिलं. काम सुरू केलं नाही.

१६ जानेवारी

द्रोणागिरीच्या गोदामाचं काम लागलं. ऑफिसची भिंत, बावीस फूट. जहाजं, क्रेन, कंटेनर, वर निळं आकाश. मॅनेजर साळवी. दिवसातून चार वेळा फोन. लाल कंटेनर थोडा कमी लाल करा. आकाश थोडं प्रसन्न करा. आगाऊ रक्कम अजून नाही. आधी व्हेंडर म्हणून नोंदणी व्हावी लागते. फॉर्म भरला. तो परत आला, शिक्का हवा म्हणून. माझ्याकडे शिक्का नाही.

जाऊन-येऊन साडेतीन तास. घरी आल्यावर हात चालत नाही.

१९ जानेवारी

दहा दिवस झाले. स्केच नाही. कागद बोर्डाला लावलेला आहे, कोरा.

ग्रुपवर सर्जेराव: ‘म्याडम काम कुठवर’. वाचलं. उद्या उत्तर देऊ असं ठरवलं. ग्रुप म्यूट केला. सुविचारांमुळे, असं स्वतःला सांगितलं.

साळवींच्या चारही फोनना उत्तर दिलं.

२१ जानेवारी

सर्जेरावांचे दोन मिस्ड कॉल. दोन्ही वेळा फोन हातात होता.

संध्याकाळी सात. अण्णांचा फोटो फोनमधल्या ॲपमध्ये टाकला. पर्यायांमध्ये ‘पेन्सिल’ निवडलं. बारा सेकंद लागले. खाली आकडा दिसतो म्हणून माहीत. रेषा स्वच्छ, छाया बरोबर, डोळ्यांत चमक. ग्रुपवर पाठवलं. सोबत लिहिलं: ‘प्राथमिक स्केच. अभिप्राय कळवावा.’

लिहिताना हात थांबला नाही. त्याची नोंद असावी.

२२ जानेवारी

अकरा अंगठे. ‘एक नंबर’. ‘अण्णा परत आले’. एकाने रडणारा चेहरा आणि पुढे हार. सर्जेरावांनी आवाजी निरोप पाठवला. मागे हातगाड्यांचा खडखडाट, कुणीतरी वजन ओरडतंय. म्हणाले, सगळ्यांना पसंत, अण्णांच्या घरी वहिनींनाही दाखवलं, आणि मान सरळ घेतलीत ते लई बरं केलंत.

तेव्हा नीट पाहिलं. ॲपने मान सरळ केली होती. मला दिसलं नव्हतं. मी ते चित्र पाठवण्याआधी पाहिलंच नव्हतं, असं म्हणायला हवं.

आता सांगावं. की त्याआधी खरं स्केच पूर्ण करावं आणि मग—

२५ जानेवारी

रविवार. द्रोणागिरीचं गोदाम बंद. कॅनव्हासवर कोळशाने काढायला घेतलं. आठ तास. फोटोत आहे तसं. कललेली मान, तिच्यामागून चढत आलेला उजवा खांदा, त्यावर शर्टाचं ताणलेलं कापड. उजवी कॉलर कानाला टेकते. चेहरा अजून नाही, पण माणूस आलाय.

हेच दहाव्या दिवशी करता आलं असतं.

२८ जानेवारी

साळवी म्हणाले, शिक्क्याशिवाय चालवून घेऊ, पण पेमेंट पंचेचाळीस दिवसांनी. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाले, तुम्ही विचारलं नाही. मग आवाज तुटायला लागला. पैशाचा विषय निघाला की त्यांचं नेटवर्क जातं.

बसमध्ये ग्रुप उघडला. सोळा दिवसांत माझा एकच निरोप आहे.

१ फेब्रुवारी

सर्जेरावांचा फोन. घेतला. गावाला वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करायचाय. छापणारा म्हणतो मोठी फाइल हवी, स्केचची. टोळीने एकमताने तेच घ्यायचं ठरवलंय. खाली माझं नाव टाकणार, ‘चित्रकार’ म्हणून. नावाची अक्षरं बरोबर आहेत ना, तेवढं विचारून घेतलं त्यांनी.

फाइल पाठवली.

त्यांच्या बोलण्यात एकही जागा अशी नव्हती जिथे मला ते सांगता आलं असतं. हे खरं नाही. तीन जागा होत्या. मोजल्या.

३ फेब्रुवारी

हेमा आली. तळवलीची मैत्रीण. गाड्यांच्या नंबर प्लेटा, हळदीचे बोर्ड, गावकीच्या कमानी रंगवते. आमच्या दोघींत ती जास्त कमावते. कॅनव्हास पाहिला, मग फोनवर ते स्केच पाहिलं. थोडा वेळ एकाकडे, थोडा वेळ दुसऱ्याकडे.

‘यो तुज्या हातचा नाय.’

कशावरून, विचारलं. म्हणाली, शर्टाला काजं हायेत, बटनं नायत. तू असं करतंस का?

सगळं सांगितलं. ती हसली, मग हसायची थांबली. तिचा हिशोब साधा: कॅनव्हासवर मान सरळ कर, कुणाला कळणार नाही, बावीस तारीख निघून जाईल. मग स्वतःच म्हणाली, पण तू हे असं करायला नको होतंस. तिच्याकडे गिऱ्हाईक दिवसातून दहा वेळा विचारतं. ती प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर देते. ‘झाला नाय त झाला नाय सांगाचा. मानूस मरत नाय त्यानी. आपन गप ऱ्हातो ना, तवा तो मरतो.’

जाताना म्हणाली, एवढी एम. ए. झालीस आणि दोन शब्द लिहिता येत नाहीत तुला.

५ फेब्रुवारी

मान सरळ करून पाहिली. कोळसा पुसला, पुन्हा काढलं. बसत नाही. मान सरळ झाली की खांदा खाली यावा लागतो. खांदा खाली आला की कॉलर सुटते. कॉलर सुटली की तो दुकानदार दिसतो, गोण्यांपुढे उभा असलेला. पाच वाजेपर्यंत पाच वेळा.

पुन्हा कलती केली. रंग सुरू केला.

८ फेब्रुवारी

कोपरखैरणे. सर्जेराव मला अण्णांच्या पत्नीकडे घेऊन गेले. अनुसयाबाई. टोपीचा रंग आणि अंगाचा वर्ण विचारायचा होता, फोटोत दोन्ही उडालेत. पहिला मजला, दोन खोल्या. जिन्यात चपला. त्यांनी पोहे केले होते. सर्जेराव त्यांना वहिनी म्हणतात, त्या सर्जेरावांना भावजी.

टोपी पांढरीच, पण निळीत बुडवलेली. वर्ण, म्हणाल्या, मार्केटात गेल्यावर एक आणि दिवाळीला गावी गेल्यावर एक.

स्केच मुलाच्या फोनवर पाहिलंय. कसं वाटलं, हे मी विचारलं नव्हतं. त्याच बोलल्या. ‘ह्ये न्हवंत त्ये. पन चांगलं हाय.’

सर्जेरावांना ते लागलं. न्हवंत कसे, असं म्हणून त्यांनी माझी बाजू घेतली. म्याडमनी दहा दिवस बसून स्वतःच्या हाताने काढलंय, म्हणाले, पेन्सिलीने, एकेक केस. त्या मान हलवत राहिल्या. बरं बाबा, म्हणाल्या. आमचे हे चालताना कुणाचं तरी ऐकतायत असं वाटायचं. मी ओरडायचे, ताठ चाला की.

मी पोहे खात होते. सर्जेराव माझ्याकडे पाहत होते, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी म्हटलं, पोहे छान झालेत.

९ फेब्रुवारी

सकाळी दहाला सर्जेरावांना फोन केला. सांगितलं. आधी कागदावर चार ओळी लिहून घेतल्या होत्या, त्या वाचल्या.



‘म्हणजे ते तुम्ही काढलंच न्हाई?’

‘नाही.’

‘मग कुणी काढलं?’

‘कुणीच नाही.’

खरं चित्र सुरू आहे, म्हटलं. ते मी काढतेय. मान कलती आहे. आगाऊ पैसे परत करते म्हटलं, आजच, अकरा जणांना. म्हणाले, मला एकट्याला सांगून काय उपयोग, पैसे माझ्या एकट्याचे नाहीत. बारा ते एक सगळे जेवायला असतात. परवा या आणि सगळ्यांसमोर सांगा.

फोन ठेवताना नेहमी ‘बरं म्याडम’ म्हणतात. आज नुसतं ‘बरं’.

११ फेब्रुवारी

गेले. खोली लहान, दार मोठं. आत कांद्याचा वास, बाहेर कांद्याची सालं. अकरा जण, डबे उघडलेले. मला एका रिकाम्या खोक्यावर बसवलं, खाली वर्तमानपत्र घातलं. मी उभीच राहिले. मग बसले, कारण मी उभी असेपर्यंत कुणी जेवेना.

जसं लिहिलं होतं तसं सांगितलं. तीन मिनिटंही लागली नाहीत.

पहिला प्रश्न एका बारीक माणसाचा, नाव बाळकृष्ण. बारा सेकंदांचे साडेसोळा हजार होतात का. मग तो फोन आमालाच द्या, म्हणाला, गोणी कोन उचलतंय. दोघं-तिघं हसले. सर्जेराव हसले नाहीत, तसे हसणारे थांबले.

एक म्हातारे गृहस्थ, गणपतनाना, त्या दोन अंगठ्यांपैकी एक त्यांचा. त्यांनी विचारलं, फ्लेक्सचं काय. फ्लेक्स शनिवारीच गावात लागला. पंधरा दिवस राहणार. खाली माझं नाव.

मी म्हटलं, पैसे परत देते. तेव्हा कळलं की तेही माझ्या हातात नाही. टोळीत एक जरी नाही म्हणाला तर गोष्ट ठरत नाही. गाडी खाली करायचा दर असाच ठरतो, सुट्टी अशीच ठरते. पैसे परत घ्यायचे की चित्र घ्यायचं, हे अकरा जण मिळून सांगतील. तोवर परत पाठवायचे नाहीत. पाठवले तर पुन्हा तुमच्याकडेच पाठवू, असं एक जण म्हणाला. हे धमकीसारखं नव्हतं.

खरं चित्र कसं चाललंय, बाळकृष्णने विचारलं. फोन काढला, दाखवायला.

गणपतनानांनी हात वर केला. ‘फोनवर नगं.’

१२ फेब्रुवारी

आजपासून रोज संध्याकाळी सहा वाजता ग्रुपवर खरी स्थिती लिहायची, असं ठरवलं. आज: ‘उजवा कान आणि कॉलर झाली. डोळे बाकी.’

रात्री बारापर्यंत सगळ्यांनी वाचल्याचं दिसलं. उत्तर नाही. सुविचारही बंद झालेत, हे लक्षात आलं.

१४ फेब्रुवारी

कॅनव्हास टेम्पोने मार्केटला, डोळे बाकी तसाच. हेमाने मदत केली, जिन्यातून उतरवायला. रंग ओला नव्हता, तरी ती ‘हलू, हलू’ करत होती.

गोण्यांना टेकवून ठेवलं. अकरा जण अर्धगोल. मग मागून कुणीतरी म्हणालं, वाकडं हाय. दुसरा म्हणाला, मग त्यो वाकडाच हुता. पहिला म्हणाला, हुता तर हुता, भिंतीवर कशाला वाकडा, आपलं वाकडेपन लोकांना दाखवायचं का. त्यावर वाद. कुणी म्हणे लाज कसली, कुणी म्हणे तुला न्हाई वाटत, तुझं लग्न व्हायचंय अजून. यावर हसले, पण वाद मिटला नाही.

गणपतनाना चित्रासमोर जाऊन उभे राहिले. वळून म्हणाले, ‘अण्णाच हाय.’ आणि डबा धुवायला गेले.

सर्जेरावांनी चित्राकडे पाहिलं, नीट पाहिलं. एक वाजता नाशिकची गाडी लागली. सगळे उठले. ‘बसून ठरवतो,’ एवढं सांगून कॅनव्हास परत टेम्पोत चढवून दिला. तिघांनी मिळून, माझ्या आणि हेमाच्या मानाने फारच अलगद.

१७ फेब्रुवारी

स्थिती: ‘डोळे झाले. टोपीची निळी झाक उद्या.’

द्रोणागिरीची भिंत मागच्या आठवड्यात संपली. साळवींना आज पहिल्यांदा मेल लिहिलं: काम कधी पूर्ण झालं, किती रक्कम, कधी अपेक्षित. भाषा साधी ठेवली. उत्तर आलं, ‘नोटेड’.

१९ फेब्रुवारी

‘टोपी झाली. सही बाकी.’

सही करायची की नाही, हे ठरत नाही. चित्र कुणाचं, हे अजून ठरायचंय.

२० फेब्रुवारी

सर्जेरावांचा फोन, सकाळी. टोळी दोन दिवस बसली. चित्र घ्यायला दहा जण हो म्हणाले. मानेसकट. बाळकृष्णही हो म्हणाला.

‘आणि एक?’

‘एक मी.’

ते म्हणाले, चित्राला नाही म्हणत नाही. चित्र चांगलंय, अण्णाच आहेत. तुम्हाला नाही म्हणतो.

मग शांतपणे सांगितलं, एकेक. त्या दिवशी वहिनींच्या घरात मी माझ्या तोंडाने म्हणालो, म्याडमनी हाताने काढलंय. गावात फ्लेक्स बांधताना चार माणसांना तेच सांगितलं. वहिनींकडे तर तुम्ही समोर बसला होता. ‘तुम्ही मला खोटं बोलू दिलंत, म्याडम. तुमचं खोटं तुमचं हाय. माझं मला न्हाई फिरवता येत.’

मी म्हटलं, निदान तुमचे दीड हजार तरी मला परत करू द्या. म्हणाले, एकट्याचे परत घेतले तर टोळी राहत नाही. घेतले तर सगळ्यांचे, न घेतले तर कुणाचेच नाही. आणि सगळे आता चित्र मागतायत. म्हणून काही ठरत नाही.

बावीसला काय, विचारलं. गावाला तो फ्लेक्सच राहील. दुसरं काय लावणार.

हे सगळं एकदाही आवाज न चढवता. मी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या तशा त्यांनीही ठेवल्या असाव्यात.

२२ फेब्रुवारी

वर्षश्राद्ध. ग्रुपवर गावचे फोटो. मांडव, पंगत, माणसं. फ्लेक्स एका फोटोत अर्धा दिसतो. मान सरळ, त्यापुढे हार. खाली माझं नाव, अक्षरं बरोबर.

सहा वाजता लिहिलं: ‘चित्र पूर्ण. सही केलेली नाही. फ्लेक्सवरचं स्केच माझं नाही, ते फोनमधल्या ॲपने केलं आहे. सर्जेरावांना हे नऊ तारखेपर्यंत माहीत नव्हतं. त्याआधी ते जे बोलले ते माझ्यावर विश्वास ठेवून बोलले.’

पाठवण्याआधी तीनदा वाचलं. ग्रुपमध्ये आता गावचेही चार-पाच जण आहेत, कालच घेतलेले. तरी पाठवलं.

नऊ वाजता गणपतनानांच्या नावाने निरोप. कुणाकडून तरी लिहून घेतला असणार. ‘वाचलं.’

२३ फेब्रुवारी

सर्जेरावांना फोन केला. उचलला. पंगत दुपारी तीनपर्यंत चालली, म्हणाले. कालच्या निरोपाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

विचारलं, अनुसयाबाईंना हे कुणी सांगितलं का. नाही. त्यांच्याकडे साधा फोन आहे. मुलाने वाचलं असेल, तो बोललेला दिसत नाही. वहिनी उद्या सकाळच्या गाडीने परत येतायत.

मी सांगायला जाते म्हटलं. तुम्ही बरोबर याल का.

मागे हातगाडी गेली, खडखडत.

‘मी येनार न्हाई. घर तुमी बघितलंय.’